ताटात उरलं तर

शिजवलेली काकडी खाल्लीय का तुम्ही कधी? न्हाय म्हणाल. कोण खाईल? काकडी कच्ची खायची, कचाकचा चावायची. ती दुधात बुडवून, वर चीज घालून, भट्टीत शिजवून कुणी ताटात वाढली तर कशी लागती म्हाईत हाय? लागतच न्हाय. दात लावायच्या आधीच निसटती. नुसतं बुळबुळीत, आंबूस पाणी तोंडात पसरतंय. खरं मी ती खाल्लीय, आन् कशापायी खाल्ली तेच सांगायला बसलोय.

'बसलोय' म्हटलं म्हणून बाप्या समजू नका. कोल्हापुरात आम्ही बायका जातो, येतो, करतोच म्हणतो. आमची सून पुण्याची, ती लग्न होऊन आली तवा ह्यावर आठ दिवस हसत होती. माझं नाव शांतादेवी, खरं ह्या नावानं मला फक्त रेशनकार्ड ओळखतंय. बाकी सगळ्यांची मी आक्का. कॉलेजच्या कमानीसमोर लिंबाखाली सँडविचची गाडी दिसंल, तिच्या मागं पदर खोचून उभी असलेली बाई ती मीच. एकतीस वर्सं झाली.

आता सँडविच म्हंजे काय, दोन ब्रेडच्या मधी कायबी कोंबलं की झालं, असं लोकांस्नी वाटतंय. वाटू दे. ब्रेड शहजादभाईच्या बेकरीतला, तोबी आदल्या सांजचा. सकाळचा ताजा ब्रेड लोणी लावताना फाटतोय. लोणी कडंपतूर लावायचं, एक बोटभर जागा सोडायची न्हाय, कारण चटणीचं पाणी ब्रेडात उतरलं की खेळ खलास. त्यावर हिरवी चटणी. मग उकडलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या, त्यावर चिमूटभर कारळ्याची कोरडी चटणी, ही माझ्या आईची. मग बीट, मग कांदा, टोमॅटो, आन् काकडी अगदी मधी, ब्रेडला कुठं शिवली न्हाय पायजे. वरचा ब्रेड ठेवून तळहातानं एकदाच दाबायचं आन् सुरीनं चार तुकडे. चावलं की आधी ब्रेड मऊ, मग काकडी कचकन, आन् सगळ्यात शेवटी कारळं जिभेवर येतंय. कागदात द्यायचं. ताट न्हाय, डिश न्हाय, कागद.

आन् त्या कागदात माझी सगळी अक्कल हाय. गाडीच्या बाजूला एक बादली असती, खाऊन झालं की पोरं त्यात कागद टाकत्यात. सांजच्याला गाडी बंद करायच्या आधी मी ती बादली उपडी करतो आन् एकेक कागद उलगडून बघतो. संगमेश, माझा पोरगा, लाजतोय त्यानं. म्हणतोय, आक्का, लोक बघायल्यात. बघू देत की. एकदा आठवडाभर कागदात बीटाच्या चकत्याच उरायल्या. तोंडावर कुणी चकार शब्द बोललं न्हाय, उलट झकास झकास म्हणत होती. मी एक चकती उचलून चावून बघितली, तर बीट लाकडागत झालंतं. दुसऱ्या दिवशी बीटवाला बदलला. कडा उरल्या तर ब्रेड वाळलाय. बटाटा उरला तर मीठ कमी. माणूस तोंडावर खोटं बोलतंय, कागदाला ते जमत न्हाय. एकतीस वर्सं मी गिऱ्हाइकाला कधी 'कसं झालंय' म्हणून इचारलं न्हाय. बादली इचारतो.

तर दिवाळीनंतर माझे गुडघे गेले. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरून बघितला आन् म्हणाला, आक्का, आता उभं राहणं बास. म्हटलं, मग सँडविच काय झोपून करू? तो हसला, खरं संगमेश हसला न्हाय. घरी आल्यावर नवरा-बायकोची कुजबूज सुरू झाली. पंधरा दिवसांनी कुजबूज संपली आन् सौंदर्यानं मोबाईल माझ्या पुढ्यात धरला.

सौंदर्या म्हंजे आमची सून. पोरगी वाईट न्हाय, आधीच सांगतो. कामाला वाघीण हाय, उलटून बोलत न्हाय, पोटात एक आन् ओठावर एक ठेवत न्हाय. लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवशी तिनं ताटात भाताची चार शितं सोडली म्हणून मी तिला पाव्हण्यांच्या देखत बोललोतो, आन् ती रडलीती. तेवढं एक सोडलं तर आमचं कधी वाजलं न्हाय.

मोबाईलवर एक गोरी बाई होती. तिकडं म्हणे दुकानात काउंटरवर उभं राहून खायचं कसलं तरी नामी सँडविच असतंय, शंभर वर्सांपासनं. ते ह्या बाईनं घेतलं, ब्रेड टराटरा फाडला, काचंच्या भांड्यात टाकला, आतलं सगळं त्यावर ओतलं, वर दुधाचं कायतरी, वर चीज, आन् दिलं भट्टीत ढकलून. बाहेर आल्यावर चमच्यानं उपसून वाढलं. वाढताना बाई हसत होती. सौंदर्या म्हणाली, ह्याला कॅसरोल म्हणतात. आमच्यात कॅसरोल म्हंजे चपात्या ठेवायचा डबा, म्हटलं असंल बाई काहीतरी.

मग खरी गोष्ट बाहेर आली. कळंब्याच्या रस्त्याला एक गाळा बघून ठेवलाय. तिथं भट्टी बसवायची, आन् माझं सँडविच ह्या पद्धतीनं ट्रेमधी करायचं. चकत्या कापायला नकोत, थर लावायला नकोत, उभं राहायला नको. आदल्या दिवशी ट्रे भरून ठेवायचा, सकाळी आत सरकवायचा, चौकोनी तुकडे काढून डब्यात घालून पाठवायचे. "खूप सोपं आहे आक्का," ती म्हणाली. "तुम्ही फक्त खुर्चीत बसून चटणी सांगायची."

सोपं. तो शब्दच माझ्या डोक्यात गेला. चांगलं सँडविच फाडून त्याचा लगदा करायचा आन् वर म्हणायचं सोपं. मळलेल्या कणकंत पाणी ओतून म्हशीचं आंबोण करणं बी सोपंच असतंय की. आन् मी खुर्चीत बसून काय करू? गाडी गेली तर मी कोण? कमानीतनं बाहेर येणारी पोरगी लांबनंच 'आक्का, एक तिखट' म्हणून ओरडती, ते कोण ओरडणार? घरातली म्हातारी होऊन कोपऱ्यात बसायला मला अजून लई वेळ हाय. हे सगळं मी बोललो न्हाय. मी म्हटलं, आधी करून तरी दाव.

तिनं केलं. घरात छोटी भट्टी आणलीती विजेची. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो आन् बघत राहिलो. शहजादभाईचा ब्रेड तिनं फाडला. मी डोळं मिटलं. बटाट्याच्या फोडी, बीट किसून, काकडी किसून, टोमॅटो, वर माझी चटणी दुधात कालवून. आमच्यात अंडं चालत न्हाय म्हणून मक्याचं पीठ. वर चीज, बोटभर जाडीचं. भट्टी चालू झाली आन् दहा मिनिटांत वास सुटला. पावसाळ्यात न वाळलेल्या फडक्यावर कुणी दूध सांडल्यावर येतोय तसला वास. मी पदर नाकाला लावला.

ट्रे बाहेर आला. बीट सुटलंतं, सगळं दूध गुलाबी झालंतं. चटणीचा हिरवा आन् बीटाचा गुलाबी मिसळून मधी मधी जांभळट काळपट डाग. ब्रेड फुगून मऊ गोळा. वर चीज, तेल सुटलेलं, पिवळं, हलताना सगळ्या ट्रेवर सुरकुती पडायची. तिनं चमचा घातला तर खालनं बुडबुडा आला, पचाक करून. शी! मला वाटलं कुणीतरी आजारी माणूस जेवल्यावर... जाऊ दे, तुम्ही जेवत असशीला.

"खाऊन तर बघा," सौंदर्या म्हणाली.

मी जिभेच्या टोकाला लावलं आन् मोरीत जाऊन थुंकलो. संगमेशनं मात्र दोन तुकडे खाल्ले आन् 'इषय न्हाय', म्हंजे एकदम झकास, म्हणाला. तो बायकोनं उकडलेला चुना वाढला तरी इषय न्हाय म्हणंल. मी म्हटलं, हे कुत्रं खाणार न्हाय. ती म्हणाली, आक्का, तुम्हाला सवय नाही, लोकांना आवडेल. लोक, लोक म्हणत आमचं वाजलं. चार दिवस वाजत राहिलं. पाचव्या दिवशी माझं टाळकं सरकलं आन् मी जे बोललो ते बोललो.

"आपल्या माणसांस्नी जेवायला बोलव," मी म्हटलं. "पंगतीत हे वाढ. एका जरी ताटात उरलं, तर पुन्यांदा ह्या घरात ह्याचं नाव काढायचं न्हाय आन् माझी गाडी जाग्यावर ऱ्हाणार. न्हाय उरलं कुणाच्या ताटात, तर सोमवारपासनं गाडी बंद. मी स्वतः ढकलत घरी आणतो."

सौंदर्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, कुणाच्याही ताटात? म्हटलं, कुणाच्याबी. तिनं मान डोलावली. ती असल्या गोष्टीत खोटं करत न्हाय, आन् मीबी न्हाय.

आता माझी हुशारी ऐका. माणसं कोण बोलवायची ते मी ठरवलं. आजकालची पोरं काय, चीज दिसलं की कायबी खात्यात. मला पायजे होती जुनी खोडं. चार दिवसांवर मामंजींचा दिवस आलता. मामंजी, म्हंजे माझे सासरे, ज्या दिवशी लिंगैक्य झाले (आम्हा लिंगायतांत वारल्याला असं म्हणत्यात) त्या दिवशी दरवर्षी आमच्या घरी दासोह असतोय. म्हंजे आमच्या जंगम स्वामींना, अय्यांना, बोलवायचं, त्यांची पाद्यपूजा करायची आन् चार माणसांस्नी जेवू घालायचं. मी म्हटलं, त्याच दिवशी. गडहिंग्लजहून माझा थोरला भाऊ गुरुसिद्धअण्णा बोलावला. हा माणूस एकदा हॉटेलात शेजारच्या टेबलावर चीज घातलेला डोसा बघून न जेवताच बाहेर आलता. त्याच्या वयाची अजून आठ-नऊ माणसं बोलावली, सगळी जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली, ब्रेड म्हंजे आजाऱ्याचं खाणं असं मानणारी. ह्यातलं एकजण जरी दुसरा घास खाईल तर नाव बदलीन म्हटलं.

यादी ऐकून संगमेशनं डोस्कं खाजवलं. म्हणाला, आक्का, अण्णामामा? अय्या? आन् दासोहाला? नीट इचार केलायस न्हवं? मला वाटलं बायको हरणार म्हणून घाबरलाय. सौंदर्या सुदीक म्हणाली, आक्का, नक्की हीच माणसं ना? मी म्हटलं, हीच. मनात म्हटलं, आता कसं, घाम फुटला का.

दासोहाच्या दिवशी सकाळपासनं मी खुशीत होतो. गुडघे दुखत होते तरी एण्णेगाई, म्हंजे भरली वांगी, मी केली. हुग्गी, गव्हाची खीर, मी ढवळली. भाकऱ्या थापल्या. दुसऱ्या शेगडीपाशी सौंदर्या आपला ट्रे भरत होती. दासोह म्हणून कांदा-लसूण वगळलं होतं, त्यामुळं जी काय थोडी चव होती तीबी गेली. पुन्हा तोच वास. मी नाकाला पदर लावून तिला म्हटलं, तुकडे चांगले मोठे काप, हात आखडू नकोस, सगळ्यांस्नी सारखे वाढ. ती बरं म्हणाली.

बारा वाजता अय्या आले. पाद्यपूजा झाली. पंगत मांडली. अय्या मधी, एका बाजूला गुरुसिद्धअण्णा, दुसऱ्या बाजूला बाकीची. मी वाढायला उठत होतो तर अय्या म्हणाले, आक्का, गुडघे दुखत्यात न्हवं, तुम्हीबी बसा पंगतीला, सून हाय की वाढायला. मी पंगतीच्या शेवटाला बसलो. तिथनं सगळ्यांची ताटं दिसत होती, मला तेच पायजे होतं.

सौंदर्यानं वाढलं. भाकरी, वांगं, हुग्गी, आन् ताटाच्या कोपऱ्यात तो गुलाबी चौकोन. सांगितल्यासारखा मोठा. ताटात टेकल्या टेकल्या त्यातनं पाणी सुटून हुग्गीकडं वाहायला लागलं. माझ्या ताटातबी तेवढाच मोठा. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाय. मला काय करायचं होतं?

अय्यांनी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, सगळ्यांनी घेतलं, मंत्र झाला, नैवेद्य झाला आन् जेवणं सुरू झाली. गुरुसिद्धअण्णानं सगळ्यात आधी तेच उचललं, काय हाय बघायला. घास तोंडात गेला. जबडा दोनदा हलला आन् थांबला. चीजचा दोरा ओठापासनं ताटापतूर लोंबत राहिला, त्यानं बोटानं तोडला तर तो मिशीला चिकटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. बाजूची म्हातारी तोंडावर पदर घेऊन गिळत होती. अय्या शांतपणे चावत होते, खरं त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झालीती.

मी सौंदर्याकडं बघितलं. ती पातेलं धरून उभी होती, चेहरा उतरलेला. थोडी दया आली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, संध्याकाळी हिला माझ्या हातचं सँडविच करून खायला घालतो.

मग अण्णानं दुसरा घास घेतला.

मी म्हटलं, लाजंसाठी असंल. मग तिसरा घेतला, भाकरीच्या तुकड्यात गुंडाळून, डोळं मिटून. म्हातारीनं हुग्गीत कालवला आन् गिळला. कुणी पाण्याचा घोट घेऊन ढकलत होतं, कुणी वांग्याच्या रश्श्यात बुडवून. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, सगळ्यांचे हात चालू. मला काय कळंना. अय्यांचं आधी झालं. त्यांनी तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, बोटानं ताटाची कड न् कड फिरवून चोळली, दोन्ही हातांनी ताट उचललं आन् ते पाणी पिऊन टाकलं.

तवा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्यात ताटात वाढलेलं टाकत न्हाईत. लिंगाला दाखवलं की ते जेवण ऱ्हात न्हाय, प्रसाद होतोय, आन् प्रसादाचा कण सुदीक सोडायचा न्हाय. ताट धुवायचं आन् ते पाणीबी प्यायचं. मामंजी तसंच करायचे, माझा बाप तसंच करायचा, मी लहानपणापासनं तसंच करतोय. रोज. दिवसातनं दोनदा. सुनेला पहिल्याच दिवशी त्यापायीच तर बोललोतो. आन् ज्यांच्या ताटात जन्मात कधी एक शीत उरलं न्हाय अशी माणसं मी शोधून शोधून, गडहिंग्लजपतूर फोन करून बोलावलीती. संगमेशला कळलंतं, सुनेला कळलंतं. मला न्हाय कळलं. मी कागदाच्या हिशेबानं चाललोतो. गाडीवरच्या कागदाला कोण प्रसाद म्हणत न्हाय, त्यात उरलेलं दिसतंय. माझ्या एकसष्ट वर्सांत घरात कधी काही उरलंच न्हाय, तर उरणं न उरणं इचार करायची गोष्ट हाय हे ध्यानात येणार कसं? मुडदा बशिवला त्या अकलंचा.

एकेक ताट उचललं जात होतं, पाणी पिलं जात होतं. शेवटी सगळ्यांची ताटं चकाचक. एक माझं सोडून.

माझ्या ताटात तो चौकोन होता तसा होता. गार झालता. वरचं चीज घट्ट झालतं, गोठलेल्या सायीगत. खाली गुलाबी पाण्याचं तळं. पंगत माझ्यासाठी थांबलीती, अय्या उठल्याशिवाय कोण उठत न्हाय आन् सगळ्यांचं झाल्याशिवाय अय्या उठत न्हाईत.

सौंदर्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला दिसलं. मला दिसलं की तिला दिसलं. एका जरी ताटात उरलं तर, असं मीच म्हटलंतं, आन् कुणाच्याबी ताटात, असंबी मीच म्हटलंतं. मी नुसतं ताट बाजूला सारायचं होतं. म्हणायचं होतं, बाई, पोट दुखायलंय. गाडी जाग्यावर ऱ्हाणार होती. सोमवारी लिंबाखाली मी उभी ऱ्हाणार होतो. तिनं एक शब्द काढला नसता.

मी अय्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, डोळं मिटून बसलेते. भिंतीवर मामंजींचा फोटो.

मी घास घेतला. काकडी. निसटली, घशाकडं गेली, परत आली. ब्रेड टाळूला चिकटला, जीभ लावून सोडवला तर त्यातनं गार आंबूस दूध सुटलं. बीटाचा मातकट गोडवा, त्यावर चीजचं खारट तेल. दुसरा घास. तिसऱ्याला डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. मीच मोठे तुकडे काप म्हणून सांगितलंतं. सात घास झाले. मग मी ताटात पाणी ओतलं. चीज पाण्यात सुटत न्हाय, बोटाला चिकटतंय, ते चाटलं. पाणी फिरवलं. गुलाबी पाणी, वर तेलाचे डोळे, तळाला किसलेल्या काकडीची साल. ताट उचललं आन् एका दमात पिलं.

अय्या उठले. मी एकतीस वर्सांची गाडी गिळून बसलोतो आन् कुणाला पत्ता नव्हता.

जाताना अय्यांनी सौंदर्याला आशीर्वाद दिला. गुरुसिद्धअण्णानं संगमेशला कोपऱ्यात घेऊन इचारलं, पोरा, हे तुम्ही रोज खाता काय, घरात सगळं बरं हाय न्हवं? बाकीची माणसं बडीशेप मुठीनं खाऊन गेली.

घर रिकामं झालं. मी मोरीत जाऊन चूळ भरली, चार वेळा भरली, तरी तोंडात काकडी होतीच. मग स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं शब्द दिलाय, आपणच आपल्या तोंडानं सांगून टाकावं, तिला इचारायला लावू नये.

सौंदर्या पाटावर जेवायला बसलीती. वाढणारी शेवटाला जेवती. तिचं जेवण झालं होतं, भाकरी, वांगं, हुग्गी, सगळं संपलं होतं. ताटाच्या कोपऱ्यात मात्र तो गुलाबी तुकडा होता, अर्धा खाल्लेला, दाताची खूण असलेला. मला बघून तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.

"उरलं, आक्का," ती म्हणाली. "माझ्या ताटात उरलं. तुम्ही जिंकलात."

मी म्हटलं, खा ते. ती म्हणाली, नाही जात घशाखाली, खरंच नाही जात, मगाशीच कळलं मला. आणि गेलं असतं तरी नसतं खाल्लं. तुमच्या ताटात होतं ते तुम्हाला ठेवता आलं असतं, मी बघत होते. बाकीच्यांनी खाल्लं ते काही आवडून नाही खाल्लं. असलं जिंकून गाळा घेतला तर तो मला लाभेल का?

मला राग आला. कशाचा आला ते आजबी नीट सांगता येणार न्हाय. चार शितांसाठी जिला रडवलं ती पोरगी माझ्यापायी मुद्दाम प्रसाद टाकून बसलीती.

माझी गाडी त्या अर्ध्या तुकड्यात होती. ताट उचलून खरकट्यात नेलं असतं तर सोमवारी मी लिंबाखाली. मी उभ्या उभ्या ताट हातात घेतलं. मामंजींच्या दासोहाचं. ते खरकट्यात टाकायला हात पुढं जाईना.

मी तो तुकडा उचलला आन् तोंडात घातला.

सौंदर्या पाटावरनं उठलीच. सासूनं सुनेचं उष्टं खाल्लेलं आमच्या घरात कुणी बघितलं नसंल, आमच्या गल्लीत बी नसंल. मेल्याहून मेलं लागत होतं, गार, चिकट, वर तिच्या दातांनी चेंगरलेली काकडी. मी चावलं, गिळलं, तिच्या तांब्यातलं पाणी तिच्या ताटात ओतलं, फिरवलं आन् पिलं. मग ताट पालथं करून ओट्यावर ठेवलं.

"आता कुणाच्याच ताटात न्हाय उरलं," मी म्हटलं. "सोमवारी गाडी घरी आणतो."

ती रडायला लागली. रडत रडतच तिनं इचारलं, "आक्का, खरं सांगा, कसं झालंय?"

एकतीस वर्सांत हा प्रश्न मी कुणाला इचारला नव्हता. मला कुणी इचारलाबी नव्हता.

"घाण," मी म्हटलं. "नुसती घाण. काकडी काढून टाक आधी. बीट पिळल्याशिवाय घालू नकोस. आन् कारळ्याची चटणी कुठं हाय त्यात?"

तिनं पदरानं नाक पुसलं आन् मान हलवली. मी दारापतूर गेलो आन् परत वळलो.

"आन् गाळ्यात ताटं, डिश, डबे, काय ठेवायचं न्हाय. कागदात द्यायचं. दारात एक बादली ठेव, आन् तिच्याशेजारी माझी खुर्ची."